कचेरीतले इंग्रजी आणि बोलण्यातली अदब : वाचकांचे प्रश्न

कचेरीतल्या इंग्रजी संभाषणात येणाऱ्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून आलेल्या पत्रांत व्याकरणाविषयी फारसे कोणी विचारलेले नाही. बहुतेकांचे म्हणणे असे, की वाक्य बिनचूक असूनही ते समोरच्याला टोचते, किंवा ते टोचू नये म्हणून इतके मऊ केले जाते की त्यातले काम बाजूला राहते. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे असे मला वाटते, म्हणून त्यांपैकी काही पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये सॉफ्टवेअरच्या देखभालीचे काम करतो. आमचे ग्राहक अमेरिकेत आहेत आणि प्रकल्पप्रमुख बाई इंग्लंडमध्ये असतात. यंदाच्या मूल्यमापनात त्यांनी माझ्या कामाची प्रशंसा केली, पण माझे लिहिणे तुटक आणि हुकमी वाटते, असा शेराही मारला. मी प्रत्येक मेलमध्ये ‘प्लीज’ लिहितो. नमुन्यादाखल एक मेल पाठवत आहे : ‘प्लीज सेंड द लॉग फाइल्स टुडे. व्हाय इज द ॲक्सेस नॉट गिव्हन येट? विल यू डू इट बाय ईव्हनिंग? यू बेटर इन्फॉर्म द नेटवर्क टीम ऑल्सो.’ यात उद्धट काय आहे?

उत्तर : तुमच्या मनात उद्धट काहीही नाही, पण हा मेल वाचणाऱ्या बाईंना तो हुकमी का वाटला असेल, हे मात्र मला स्पष्ट दिसते. त्यातली चारही वाक्ये आधी मराठीत तयार झालेली आहेत आणि मराठीत ती चांगली सभ्य आहेत. ‘संध्याकाळपर्यंत कराल का?’ या वाक्यात खटकण्यासारखे काय आहे? उलट ‘करा’ऐवजी ‘कराल का’ म्हणणे हीच आपल्याकडची अदब. पण त्याचेच ‘विल यू डू इट बाय ईव्हनिंग?’ झाले, की इंग्रजी वाचकाला त्यात ‘करणार आहात की नाही ते सांगा’ असा सूर ऐकू येतो.

याचे कारण दोन्ही भाषांच्या घडणीत आहे. मराठीत आदर दाखवण्याची मुख्य सोय सर्वनामात आणि क्रियापदाच्या शेवटात असते : कर, करा, कराल का, करावे. नुसता प्रत्यय बदलला की अरे-तुरेचे अहो-जाहो होते आणि बाकीचे वाक्य तसेच राहिले तरी चालते. इंग्रजीत ही सोय आज उरलेली नाही. तिथेही पूर्वी जवळच्या माणसासाठी ‘दाऊ’ आणि मोठ्या माणसासाठी ‘यू’ असा भेद होता, पण सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रमाण बोलीतून ‘दाऊ’ जवळजवळ नाहीसा झाला आणि लहानथोर सगळ्यांना एकच ‘यू’ उरला. आज आदर दाखवण्याचे बरेचसे काम ‘कुड’, ‘वुड’, ‘माइट’ ही साहाय्यक क्रियापदे करतात, भूतकाळ करतो आणि ‘इफ’ने जोडलेली वाक्ये करतात. जो मराठी माणूस आदर क्रियापदाच्या प्रत्ययात शोधत इंग्रजीत येतो, त्याला तिथे प्रत्यय सापडत नाही, मग तो ‘प्लीज’वर सगळा भरवसा टाकतो. ‘प्लीज’ तेवढे काम करू शकत नाही. विमानात ‘प्लीज फासन युवर सीट बेल्ट्स’ असे सांगतात, तेव्हा पट्टा बांधायचा की नाही हा पर्याय प्रवाशाला दिलेला नसतो. ती सूचनाच असते, फक्त सभ्यपणे दिलेली. तुमचे पहिले वाक्य नेमके तसेच आहे.

चौथ्या वाक्याकडे मात्र तुमचे अधिक लक्ष वेधतो, कारण ते सर्वांत धोक्याचे आहे आणि ते लिहिणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. ‘नेटवर्क टीमला कळवलेले बरे’ हा मराठीत आपुलकीचा सल्ला आहे. इंग्रजीत ‘यू बेटर’ म्हटले, की ‘कळवा, नाहीतर परिणाम भोगा’ अशी धमकीची छटा येते. वरिष्ठांना, ग्राहकाला किंवा अनोळखी माणसाला हे शब्द कधीही लिहू नयेत. त्याऐवजी ‘इट माइट बी वर्थ लेटिंग द नेटवर्क टीम नो’ असे म्हणता येते.

‘व्हाय’ने सुरू होणाऱ्या प्रश्नाचे म्हणाल, तर आपणही वडीलधाऱ्यांना ‘का दिले नाही?’ असे तोंडावर विचारत नाही. आपण म्हणतो, ‘ते अजून मिळालेले दिसत नाही, कुठे अडले आहे का?’ मराठीत ‘राहून गेले’, ‘अडले’, ‘पडले’, ‘फुटले’ अशी कर्त्याचे नाव न घेता घटना सांगणारी क्रियापदे भरपूर आहेत आणि चूक सांगताना आपण ती सहज वापरतो. इंग्रजीतही हीच वाट आहे. ‘यू फरगॉट टू अटॅच द फाइल’ असे न म्हणता ‘द अटॅचमेंट सीम्स टू बी मिसिंग’ म्हणावे. चूक तीच सांगितली जाते, बोट मात्र माणसाकडे न जाता फाइलकडे जाते. भूतकाळाची गोष्टही अशीच आपल्या ओळखीची आहे. शेजारी दारात येऊन ‘तुमच्याकडे जरा काम होते’ म्हणतात, तेव्हा ते काम अजून व्हायचेच असते, तरी क्रियापद भूतकाळी असते, कारण त्यामुळे ऐकणाऱ्यावरचा दाब कमी होतो. ‘आय वॉज वंडरिंग इफ’ किंवा ‘आय वॉन्टेड टू आस्क’ यांतला भूतकाळ तोच आहे. आडवळणाने बोलणे मराठी माणसाला शिकावे लागत नाही. ते इंग्रजीत वाक्याच्या कोणत्या भागात बसते, एवढेच शिकावे लागते.

आता तुमचा मेल असा लिहून पाहा : ‘कुड यू सेंड मी द लॉग फाइल्स टुडे, इफ पॉसिबल? आय कान्ट स्टार्ट द टेस्ट विदाउट देम. इट लुक्स लाइक वुई डोन्ट हॅव ॲक्सेस येट. इज एनीथिंग होल्डिंग इट अप? इफ इट कुड बी सॉर्टेड बाय सिक्स युवर टाइम, वुई कॅन फिनिश टुनाइट. इट माइट बी वर्थ लेटिंग द नेटवर्क टीम नो ॲज वेल.’ यात मागणी एका अक्षरानेही कमी झालेली नाही. कोणत्या फाइल हव्यात, त्या आजच का हव्यात, किती वाजेपर्यंत हव्यात, हे उलट मूळ मेलपेक्षा जास्त नेमके झाले आहे. ‘ईव्हनिंग’ म्हणजे कोणाची संध्याकाळ हा गोंधळही मिटला. सौम्य झाले आहे ते फक्त विचारण्याचे रूप. यापुढच्या सर्व उत्तरांत मी हेच धरून चालणार आहे : मऊपणा विचारण्याच्या पद्धतीत ठेवावा, कामाच्या तपशिलात ठेवू नये.

तो किती ठेवावा, असाही प्रश्न येईल. पेनेलपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषाभ्यासकांनी १९७८ मध्ये सौजन्याविषयी जी मांडणी केली, तिच्यात यासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत : समोरच्याचा अधिकार तुमच्यापेक्षा किती मोठा आहे, त्याची तुमची ओळख किती आहे आणि तुम्ही मागता ते काम त्याच्यावर किती भार टाकणारे आहे. त्यांनी मुख्यतः ज्या तीन भाषांच्या आधारे हे मांडले, त्यांत इंग्रजीबरोबर आपल्याकडची तमिळ होती, त्यामुळे हा केवळ इंग्रजांचा शिष्टाचार आहे असे समजण्याचे कारण नाही. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे लिंक मागायची असेल, तर ‘कॅन यू सेंड मी द लिंक?’ पुरेसे आहे. तिथे ‘आय वॉज जस्ट वंडरिंग इफ इट माइट बी पॉसिबल’ असे सुरू केलेत, तर तो माणूस तुम्ही रुसला आहात की काय, अशा शंकेत पडेल.

एक छोटी गोष्ट याच ओघात सांगून टाकतो. ‘वुड यू माइंड सेंडिंग इट?’ असे कोणी विचारले आणि तुम्हाला ते काम करायचे असेल, तर उत्तर ‘येस’ नव्हे, ‘नॉट ॲट ऑल’ असे द्यावे. प्रश्न ‘तुमची हरकत आहे का?’ असा आहे.

प्रश्न : उलव्यात आमची मालवाहतुकीची कचेरी आहे आणि न्हावा शेवा बंदरातून निर्यातीचे कंटेनर पाठवण्याचे काम आम्ही करतो. जर्मनीतल्या एका ग्राहकाने ‘कंटेनर शुक्रवारच्या जहाजाला लागेल का?’ असे विचारले. मूळ कागदपत्रे आलेली नव्हती, त्यामुळे अवघड आहे हे आम्हाला कळत होते. साहेबांच्या सांगण्यावरून मी ‘वुई विल ट्राय अवर बेस्ट’ असे कळवले. कट-ऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात पोचवण्याची शेवटची मुदत, चुकली आणि कंटेनर पुढच्या जहाजावर गेला. आता ग्राहक म्हणतो, तुम्ही शब्द दिला होता. आम्ही तर शब्द दिलाच नव्हता.

उत्तर : तुम्ही शब्द दिला नव्हता हे मला पटते, आणि ग्राहकाला तो दिल्यासारखा वाटला हेही पटते. लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या माणसाला आपण ‘बघतो, जमलं तर नक्की येतो’ असे म्हणतो, तेव्हा आपण येणार नाही हे त्यालाही कळते. तो मनात काही धरत नाही, कारण ‘बघतो’ हे नकाराचे सभ्य रूप आहे याची दोघांनाही कल्पना असते. ‘प्रयत्न करतो’, ‘जमवू या’, ‘करून टाकू’ यांचेही थोडेफार तसेच. हा समजुतीचा व्यवहार भाषेबरोबर आपोआप पलीकडे जात नाही. जर्मन ग्राहकाने ‘वुई विल ट्राय’ हे शब्द जसेच्या तसे घेतले : प्रयत्न होणार आहे, अडचण आली तर कळवतील. तुमच्याकडून काहीच कळले नाही, म्हणून सगळे सुरळीत आहे असे तो समजला. त्याच्या जागी आपण असतो तरी असेच समजलो असतो.

नकारात मऊपणा जरूर असावा, पण नकार मऊपणात बुडू नये. इंग्रजीत ‘आय ॲम अफ्रेड’ ही सुरुवात त्यासाठीच आहे. तिचा भीतीशी संबंध नाही, ‘नाइलाज आहे’ एवढाच तिचा अर्थ. तिच्या पाठोपाठ वस्तुस्थिती, कारण आणि दुसरा मार्ग हे तिन्ही आले, की नकार कोणालाही लागत नाही : ‘आय ॲम अफ्रेड फ्रायडेज व्हेसल इज अनलाइकली. वुई आर स्टिल वेटिंग फॉर द ओरिजिनल डॉक्युमेंट्स, अँड द गेट कट-ऑफ इज थर्सडे नून. द नेक्स्ट सेलिंग इज ट्यूसडे. शॅल आय बुक दॅट इन्स्टेड?’ हा मेल गेला असता, तर ग्राहकाने आपल्या गोदामाचे आणि पुढच्या ट्रकचे वेळापत्रक चार दिवस आधीच बदलले असते. माझ्या मते त्याचा राग कंटेनर उशिरा गेला यापेक्षा ते त्याला उशिरा कळले याचा आहे. आणि खरोखरच शक्यता अर्धी-अर्धी असेल, तर तसे लिहून ‘आय विल कन्फर्म बाय वेन्सडे फाइव्ह पीएम’ अशी वेळ द्यावी आणि ती पाळावी, मग उत्तर काहीही असो.

ग्राहकाला ‘नाही’ कळवणे म्हणजे त्याचा मान न राखणे, असे तुमच्या साहेबांना वाटत असावे. ही भावना चांगल्या मनातून आलेली आहे आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. पण परदेशी ग्राहकाच्या बाबतीत वेळेवर कळवलेला नकार हाच त्याचा मान आहे, हे त्यांना दाखवून देण्यासाठी वरचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवावा. फोनवर बोलतानाही एक पथ्य पाळावे. आपण ‘हो, हो’ म्हणत ऐकतो, म्हणजे ‘ऐकतो आहे, पुढे बोला’. त्याचे ‘येस, येस’ झाले की पलीकडचा माणूस ते संमती म्हणून टिपून घेतो. ‘आय सी’ किंवा ‘राइट, गो ऑन’ म्हणण्याची सवय केली तर निम्मे गैरसमज तिथेच टळतील.

प्रश्न : वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी हिशेब विभागात आहे. आम्ही यंत्रांचे सुटे भाग इंग्लंडला पाठवतो. बिलाचे पैसे थकले की मी ‘जेंटल रिमाइंडर’ पाठवते, शेवटी ‘प्लीज डू द नीडफुल’ लिहिते, तरी उत्तर येत नाही. दुसरे म्हणजे, त्यांच्या खरेदी विभागाने मागच्या मालाविषयी ‘वुई आर अ लिटल कन्सर्न्ड’ असे लिहिले होते; आम्ही ते किरकोळ समजलो, आणि महिन्याभराने त्यांनी सगळा माल परत पाठवला.

उत्तर : ‘प्लीज डू द नीडफुल’ म्हणजे आपल्या सरकारी पत्रव्यवहारातली ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ ही विनंती. हा वाक्प्रचार एके काळी इंग्लंडमध्येही चालत असे, आज तो मुख्यतः भारतीय इंग्रजीत उरला आहे, आणि आपल्या आपल्यात वापरायला माझी हरकत नाही. पण योग्य ती कार्यवाही कोणती, हे त्यात कुठेच येत नाही. इथे मऊपणा नेमका नको त्या जागी, म्हणजे कामाच्या तपशिलात शिरला आहे. ‘जेंटल रिमाइंडर’मध्येही विषयाच्या ओळीत सौम्यपणाची पाटी लागते आणि बिलाचा क्रमांक मात्र आत कुठेतरी दडतो.

पहिल्या स्मरणपत्रात नजरचूक झाली असावी असे गृहीत धरावे : ‘धिस मे हॅव स्लिप्ड थ्रू’ असे म्हणून बिलाचा क्रमांक, रक्कम आणि देय तारीख एका ओळीत द्यावी. दुसऱ्यात ते गृहीतक सोडावे आणि सरळ लिहावे : ‘द पेमेंट इज नाऊ थर्टी डेज ओव्हरड्यू. कुड यू लेट मी नो व्हेन वुई कॅन एक्स्पेक्ट इट?’ पहिले वाक्य वस्तुस्थितीचे असल्याने त्यात मऊपणाची गरज नाही. दुसरे मागणीचे आहे, तिथे तो आहे. उत्तर देणाऱ्याला तारीखच द्यावी लागेल असा प्रश्न विचारला, हे अधिक महत्त्वाचे.

‘अ लिटल कन्सर्न्ड’विषयी मात्र सावध राहायला हवे. ब्रिटिश माणूस तक्रार मुद्दाम कमी करून सांगतो. ‘थोडी काळजी वाटते’ असे त्याने लेखी कळवले, की प्रकरण गंभीर आहे असे धरून त्याच दिवशी फोन करावा. ‘विथ रिस्पेक्ट’ने वाक्य सुरू झाले, तर पुढे मतभेद येणार हे ओळखावे. ‘क्वाइट गुड’ हे शब्द अमेरिकनाने वापरले तर ती बरीच प्रशंसा असते, इंग्रजाने वापरले तर बहुधा ‘ठीक आहे’ एवढेच. शब्द कोणाच्या तोंडून आले, हे पाहिल्याशिवाय त्यांचे वजन ठरवू नये.

प्रश्न : खारघरला राहते, ग्राहकसेवेच्या फोनवर काम करते. लेखी परीक्षेत मला उत्तम गुण मिळतात, पण इंग्लंडच्या ग्राहकांकडून ‘तुटकपणे बोलते’ अशी तक्रार येते. शब्द तर शिकवलेलेच वापरते.

उत्तर : तुमच्या तक्रारीसारखीच एक घटना भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. जॉन गम्पर्झ या अभ्यासकाने १९८२ मध्ये ती सविस्तर लिहिली. इंग्लंडमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कर्मचारी उपाहारगृहात नव्याने लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी बायकांविषयी, त्या फटकून वागतात, अशी कुरकुर होती. त्या फार बोलतही नसत. ताटात मांस वाढून झाल्यावर वर रस्सा हवा का, हे विचारण्यासाठी त्या एकच शब्द म्हणत, ‘ग्रेव्ही’. इंग्रज वाढपी हा शब्द सूर चढवत म्हणे, म्हणून तो ‘ग्रेव्ही हवी का?’ असा ऐकू येई. या बायका तो सूर उतरवत म्हणत, म्हणून तो ‘ही ग्रेव्ही आहे, हवी तर घ्या’ असा ऐकू येई. ध्वनिमुद्रण ऐकवून दोन्ही बाजूंशी चर्चा झाली, तेव्हा कुठे हा उलगडा झाला. तोपर्यंत इंग्रजांना त्या बायका असभ्य वाटत होत्या आणि बायकांना आपल्याशी भेदभाव होतो असे वाटत होते.

मराठीत प्रश्नाचा मोठा भार ‘का’ हा एक छोटा शब्द वाहतो. ‘रस्सा वाढू का?’ हे कोणत्याही सुरात म्हटले तरी तो प्रश्नच राहतो. इंग्रजीत असे पुष्कळसे काम सुराला करावे लागते. म्हणून ‘एनीथिंग एल्स?’ म्हणताना शेवट वर गेला पाहिजे. तो खाली पडला, तर ‘आता अजून काय?’ असे ऐकू येते. त्याचप्रमाणे ‘कुड यू’ हे शब्द हलके, जवळजवळ गिळल्यासारखे म्हणावेत आणि जोर मुख्य शब्दावर द्यावा. आपण प्रत्येक अक्षराला सारखे वजन देतो, त्यामुळे ‘कुड’ ठासून उच्चारला जातो आणि विनंतीची तंबी होते.

आणखी एक तपासून पाहा. फोन उचलल्यावर आपण ‘हं, बोला’ म्हणतो, त्यात आपुलकी असते. त्याचे ‘टेल मी’ होत असेल, तर ते आजपासून थांबवा. त्याऐवजी ‘हाऊ कॅन आय हेल्प?’ असे म्हणा. नीट ऐकू आले नाही तर ‘व्हॉट?’ नको, ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ असे असावे. आणि ग्राहकाच्या बोलण्याला दुजोरा देतानाही आपण ‘नाही, म्हणजे तुमचं बरोबरच आहे’ अशी ‘नाही’ने सुरुवात करतो, तसे इंग्रजीत ‘नो, ॲक्च्युअली’ने करू नये, ग्राहक तुम्ही त्याला खोडून काढत आहात असे समजतो.

याच गम्पर्झ यांनी रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावाच्या भाषांचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला होता. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून तिथली मराठी, कानडी आणि उर्दू व्याकरणात इतक्या जवळ आल्या होत्या, की एका भाषेचे वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येत असे. हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण शब्दाला शब्द ठेवण्याची आपली सवय वेडगळ नाही. शेजारच्या भाषांमध्ये ती आपल्याला खरोखर उपयोगी पडते. इंग्रजीशी आपला तसा शेजार नाही.

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत नुकतीच लागले आहे. अमेरिकेतल्या वरिष्ठांना नुसत्या नावाने हाक मारायला जीभ रेटत नाही. ‘सर’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : त्यांनी स्वतःचे पहिले नाव लिहून मेल संपवला असेल, तर त्याच नावाने संबोधावे, ‘सर’ म्हटल्याने ते उगाच अवघडतात. ठाण्यातल्या तुमच्या साहेबांना मात्र इतर सगळे ‘सर’ म्हणत असतील तर तुम्हीही खुशाल म्हणा. एकाच मेलमध्ये दोघेही असतील, तर ज्याला उद्देशून लिहिता त्याची रीत पाळा.

प्रश्न : महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात मी पाळीप्रमुख आहे. नवी यंत्रणा बसवण्यासाठी परदेशातून एक तज्ज्ञ आले आहेत. अनुभवाने आणि वयाने ते माझ्यापेक्षा बरेच मोठे आहेत. एका पाइपलाइनमधला दाब पूर्ण उतरलेला नसताना त्यांनी फ्लेंज, म्हणजे पाइपचा बोल्टने आवळलेला जोड, खोलायला सांगितले. मी म्हणालो, ‘सर, मे बी वुई कॅन चेक वन्स?’ त्यांनी ‘लेटर’, म्हणजे ‘नंतर’, असे म्हणून हात हलवला. शेवटी मी फिटरचा हात धरला. अशा वेळी अदब राखून कसे थांबवावे?

उत्तर : अशा वेळी अदब राखू नये. तुम्ही फिटरचा हात धरलात हे योग्यच केले, आणि या स्तंभात इतका वेळ मऊ बोलण्याविषयी लिहिल्यावर ही गोष्ट मला तितक्याच आग्रहाने सांगायची आहे.

१३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये हिमवर्षाव चालू असताना एअर फ्लोरिडाचे बोइंग ७३७ विमान उड्डाण करताच पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून नदीत कोसळले. विमानातले ७४ आणि पुलावरचे ४ असे ७८ जण दगावले. इंजिनाची बर्फरोधक यंत्रणा चालू केलेली नव्हती आणि दाब मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बुजल्यामुळे इंजिनाची ताकद प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसत होती. सहवैमानिकाला शंका आली होती. उड्डाणापूर्वी तो विमानांवर साचलेल्या बर्फाविषयी पुन्हा पुन्हा बोलला. धावपट्टीवर वेग घेताना, हे काही बरोबर वाटत नाही, असे म्हणाला. कॅप्टनने बरोबर आहे असे सांगितल्यावर त्याने पुन्हा शंका काढली आणि लगेच, असेलही बरोबर, असे म्हणून ती मागे घेतली. ‘उड्डाण थांबवा’ हे शब्द त्याच्या तोंडून आले नाहीत. शार्लट लिंड या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी विमानांतल्या संभाषणांचा जो अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात दिसले ते असे, की वरिष्ठांशी बोलताना कनिष्ठ माणूस आपले म्हणणे अधिक सौम्य करतो, आणि सौम्य करून मांडलेली नवी गोष्ट पुढे उचलली जाण्याची शक्यता कमी होते. कनिष्ठाने शंका ठामपणे कशी बोलून दाखवावी, याचा सराव आता वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा भाग आहे.

तुमच्या वाक्यात तीन मऊ शब्द होते : ‘मे बी’, ‘कॅन’ आणि ‘वन्स’. शेवटचा तर केवळ मराठी ‘एकदा’ आहे. ‘एकदा बघून घेऊ या’मधले ‘एकदा’ आग्रह कमी करते, पण परदेशी माणसाला ‘वन्स’मधून ‘एक वेळ’ यापलीकडे काही कळत नाही. दाब शिल्लक आहे, ही एकच महत्त्वाची गोष्ट मात्र तुम्ही बोललाच नाहीत. तुमच्या कारखान्यात इंग्रजी अर्धवट कळणारे फिटर आणि मदतनीसही असतील, म्हणून वाक्य जितके आखूड तितके चांगले : ‘स्टॉप. धिस लाइन इज स्टिल अंडर प्रेशर. डोन्ट ओपन द फ्लेंज.’ यात ‘सर’ आणि ‘प्लीज’ नको. त्याच दमात ‘थांबा, खोलू नका’ असे मराठीतही ओरडून सांगावे, कारण पाना फिटरच्या हातात आहे.

धोका इतका जवळ नसेल आणि बोलायला अर्धा मिनिट असेल, तर अमेरिकेतल्या रुग्णालयांत कर्मचाऱ्यांना शिकवतात त्या तीन पायऱ्या वापरता येतील. आधी ‘आय ॲम कन्सर्न्ड’, त्याने ऐकले नाही तर ‘आय ॲम अनकम्फर्टेबल विथ धिस’, आणि तरीही काम पुढे चालले तर ‘धिस इज अ सेफ्टी इश्यू’. प्रत्येक वेळी कारण त्याच वाक्यात सांगावे, म्हणजे दाबमापकावर दिसणारा आकडा मोठ्याने वाचून दाखवावा. काम सुरू होण्यापूर्वी, वर्क परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवान्यावर, सही होताना, त्या तज्ज्ञांना एवढे सांगून ठेवा : ‘इफ एनी ऑफ अस सेज स्टॉप, वुई ऑल स्टॉप अँड टॉक.’ तेव्हा सगळे शांत असतात आणि कोणाचा अपमान झाला असे होत नाही.

लाइन सुरक्षित झाल्यावर मात्र त्यांच्याकडे स्वतःहून जा आणि ‘थँक यू फॉर स्टॉपिंग. कुड आय शो यू व्हॉट आय सॉ ऑन द गेज?’ असे विचारा.